जावक क्रमांक नसलेलं पत्र

अमेरिकेच्या राजकारणात क्षिप्राने रस घ्यावा असं खरं तर काही कारण नव्हतं. ती एकोणीस वर्षांची होती, सिंगापूरमध्ये जन्मलेली, पुंगोलमधल्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, आणि पॉलिटेक्निकमध्ये मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला होती. अमेरिकेला ती कधी गेलेलीसुद्धा नव्हती. पण तिने पाहिलेल्या निवडणुका म्हणजे सिंगापूरच्या: नऊ दिवस प्रचार, एक दिवस सगळ्यांनी गप्प बसायचं, मग मतदान, की सोमवारी कॉलेज. त्यामुळे तिकडे दोन-दोन वर्षं चाललेली ती धुमश्चक्री पाहताना तिचा आ वासलेला मिटायचा नाही. मोबाइल हातात धरून ती स्वयंपाकघरात यायची आणि म्हणायची, "आई, हे खरं आहे. मी दोनदा चेक केलं. हे खरंच झालंय."

नीलिमा, तिची आई, एका अकाउंटिंग फर्ममध्ये होती. ती भाजी परतता परतता म्हणायची, "असेल बाई. तू आधी पानं घे."

घरात कोणी ऐकून घेत नाही म्हणून क्षिप्राने कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमीपत्र सुरू केलं. दर रविवारी सकाळी दोन मिनिटांचा आवाज. बातम्या देणाऱ्या बाईंसारखा थंडगार सूर आणि जमेल तितकं शुद्ध मराठी. "नमस्कार. अमेरिकेच्या अध्यक्षांनी या आठवड्यात एका आखाताचं नाव बदललं. आखाताला अद्याप कळवण्यात आलेलं नाही." किंवा, "अध्यक्षांचा ग्रीनलंड विकत घेण्याचा विचार आहे. ग्रीनलंड विकायला काढलेलं नाही, एवढीच किरकोळ अडचण आहे." पुण्याचे, ठाण्याचे, अमेरिकेतले मिळून ग्रुपवर चौदा जण होते. चौदाही जण हसायचे.

जानेवारीच्या शेवटी तिचे मनोहरकाका दोन महिने राहायला आले, आणि बातमीपत्राला संपादक मिळाला. काका म्हणजे क्षिप्राच्या बाबांचे, निशिकांतचे, थोरले भाऊ. पुण्यात पाटबंधारे खात्याच्या आस्थापना शाखेत चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. आस्थापना शाखा म्हणजे कोणाला नेमलं, कोणाची बदली झाली, कोणाला काढलं, याची पत्रं जिथून निघतात ती जागा. काकू तीन वर्षांपूर्वी गेल्यापासून ते एकटेच होते. निशिकांत पहाटे जुरोंग आयलंडला जाणारी कंपनीची बस पकडायचा, नीलिमा आठला निघायची, म्हणून दिवसभर काका आणि क्षिप्रा यांचीच गाठ.

"ऑर्डर काय म्हणतेस? आदेश म्हण," काका सांगायचे. "आणि 'त्यांना फायर केलं' नाही. सेवेतून कमी केलं. किंवा बडतर्फ केलं. दोन्हींत फरक आहे."

"काय फरक?"

"कमी केलं म्हणजे जागा नाही. बडतर्फ केलं म्हणजे माणसाने काहीतरी केलंय."

क्षिप्राला ही माहिती भलतीच आवडली. तिने ती लगेच वापरली.

काकांना बातम्यांत रस असायचं आणखी एक कारण होतं, ते म्हणजे त्यांची मुलगी अनघा. ती वयाने छत्तीस, राहायला मेरीलंडला, आणि अकरा महिन्यांपूर्वी तिथल्या एका सरकारी प्रयोगशाळेत लागली होती. गव्हावर पडणाऱ्या बुरशीवर तिचं काम होतं. काकांच्या फोनमध्ये तिच्या नेमणुकीच्या पत्राचा फोटो होता. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, बाकावर बसणाऱ्या चिनी आजोबांनासुद्धा त्यांनी तो दाखवला होता. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं आणि काकांना चिनी, पण पत्रावरचं गरुडाचं चिन्ह पाहून आजोबांनी अंगठा वर केला होता, हे काका दोन-तीनदा सांगत.

रोज संध्याकाळी साडेआठला अनघाचा व्हिडिओ कॉल यायचा. तिकडे सकाळचे साडेसात. ती गाडीत बसलेली असायची. "निघालेच बाबा ऑफिसला," म्हणायची, पाच मिनिटं बोलायची आणि ठेवायची.

फेब्रुवारीतल्या तेविसाव्या तारखेचा रविवार होता. क्षिप्रा उठली तेव्हा बातमी आलेलीच होती: अमेरिकेतल्या सगळ्या सरकारी कर्मचाऱ्यांना ई-मेल गेली होती, की गेल्या आठवड्यात तुम्ही काय केलंत ते पाच मुद्द्यांत लिहून पाठवा. ती अंथरुणात ताडकन उठून बसली. असं काही आपण स्वतः रचलं असतं तर शिक्षकांनी 'अतिशयोक्ती' असा शेरा मारून परत दिलं असतं, असं तिला वाटलं. चहा होईपर्यंत बातमीपत्र तयार झालं.

"नमस्कार. अमेरिकेतल्या वीस लाखांहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांना काल आपल्या पाच कामांची यादी मागण्यात आली. आमच्या प्रतिनिधीने एका कर्मचाऱ्याचं उत्तर मिळवलं आहे. एक: खुर्चीत बसलो. दोन: खुर्ची फिरते का ते पाहिलं. तीन: फिरते. चार: चहा घेतला. पाच: ही मेल वाचली आणि परत खुर्चीत बसलो."

काका खोलीत ऐकत होते. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "आमच्या शाखेत सहस्रबुद्धे होता," डोळे पुसत ते म्हणाले. "अगदी हेच काम करायचा." मग त्यांनी स्वतः ग्रुपवर लिहिलं, 'अनघा, तुझी पाच कामे कोणती ते कळव.'

अनघाकडून फक्त एक अंगठा आला.

क्षिप्राने तिला वेगळा मेसेज केला. 'ताई, खरंच सांग ना, तू काय लिहिलंस?'

'मला ती मेल आलीच नाही.'

'लकी लाह,' क्षिप्राने सिंगापुरी थाटात लिहिलं.

यावर बराच वेळ काही आलं नाही. मग फोनच वाजला. काका आंघोळीला गेले होते. क्षिप्रा गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं.

"बाबा जवळ नाहीत ना?" अनघाने विचारलं.

"आंघोळीला गेलेत. काय झालं?"

"मला मेल आली नाही, कारण मी आता तिथे नाहीये. चौदा तारखेला काढलं. वर्ष पूर्ण व्हायचं होतं ना माझं, म्हणजे प्रोबेशनवर. तशा सगळ्यांनाच काढलं. आमच्या मजल्यावरचे नऊ जण गेले."

खालून एलआरटीची छोटी रेल्वेगाडी वळण घेऊन गेली, ती दिसेनाशी होईपर्यंत क्षिप्रा पाहत राहिली.

"पण तू रोज ऑफिसला निघतेस," ती शेवटी म्हणाली. "काल पण गाडीत होतीस."

"शनिवार होता ना, म्हणून. बाबांना म्हटलं, नमुने बघायला जायचंय." अनघा जराशी हसली. "साडेसातला खाली उतरते, गाडीत बसते, बाबांशी बोलते. फोन ठेवला की लिफ्टने परत वर. गाडी सुरूसुद्धा करत नाही गं."

क्षिप्राला आठवलं. गेल्या आठवड्यात तिने त्याच कॉलमध्ये डोकं घालून विचारलं होतं, ताई, अजून नोकरी आहे ना, आणि तिघंही हसली होती.

"ताई, ते बातमीपत्र... मी डिलीट करते."

"अजिबात नको. बाबा विचारतील का काढलं म्हणून. आणि क्षिप्रा, कोणाला सांगू नकोस. तुझ्या बाबांना नाही, आईला नाही. बाबा भारतात परत गेले, घरी नीट पोचले, की मी सांगेन. इतक्या दिवसांनी जरा आनंदात आहेत. शपथ घे."

क्षिप्राने शपथ घेतली.

पुढचा आठवडा तिला फार जड गेला. संध्याकाळी साडेआठ वाजले की ती खोलीत निघून जायची, पण भिंतीपलीकडून ऐकू यायचंच. "थंडी किती आहे? गाडी गरम होते ना नीट?" काका विचारायचे. "होते बाबा." दुपारी जेवताना काका बातम्यांचा विषय काढायचे. क्षिप्रा म्हणायची, परीक्षा आहे. बातम्या मात्र ती आधीपेक्षा जास्त वाचत होती, आणि आता त्यातलं काहीच तिला गमतीचं वाटत नव्हतं. इतके हजार, तितके हजार, असे आकडे असायचे. त्या आकड्यात कुठेतरी अनघाताई असेल, बंद गाडीत कोट घालून बसलेली.

दोन मार्चला, रविवारी, निशिकांतच्या जुन्या मित्राने, विवेकने, सगळ्यांना ईस्ट कोस्टला बोलावलं होतं. विवेक बँकेत होता, पंधरा वर्षांपासून सिंगापूरचा नागरिक. तो आणि त्याची बायको मेधा सकाळी सायकली चालवायचे आणि मग समुद्राकाठी झाडाखाली चटई टाकून बसायचे. साडेनऊच्या सुमाराला सगळे तिथे पोचले. मेधाने साबुदाण्याची खिचडी आणली होती, निशिकांतने हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या ठेल्यावरून कॉफी आणि टोस्ट. दूर जहाजं रांगेत उभी होती.

बोलता बोलता विवेक म्हणाला, "अमेरिकेत बघितलंत ना काय चाललंय? पण मी म्हणतो, एका अर्थी बरंच आहे. सरकारी खात्यांत फुकट बसणारे किती असतात. कोणीतरी झाडू मारायला हवाच होता."

त्यात काही वाईट हेतू नव्हता. माणसं रविवारी सकाळी बोलतात तसं तो बोलत होता.

"अगदी खरं," काका म्हणाले. "मी चौतीस वर्षं पाहिलंय. जो काम करतो त्याला कोणी हात लावत नाही. आमच्या अनघालाच बघा, तिच्या केसाला धक्का लागलेला नाही. काढलं कोणाला? ज्यांची पाच कामं म्हणजे..." आणि त्यांनी क्षिप्राचा आवाज काढला. "एक: खुर्चीत बसलो. दोन: खुर्ची फिरते का ते पाहिलं."

मेधा हसली. निशिकांत, नीलिमा, सगळेच हसले. "तीन सांग की तू," काका क्षिप्राकडे वळून म्हणाले.

क्षिप्राच्या हातात कागदी बशी होती. ती तिने चटईवर ठेवली.

"काका, अनघाताईला काढलंय," ती म्हणाली. "चौदा तारखेला. ती गाडीत नुसती बसते. तुमच्याशी बोलायला."

निशिकांतने आधी मुलीकडे पाहिलं, मग भावाकडे. विवेक कॉफीचा कप तोंडाशी नेता नेता थांबला होता.

काका उठले, चपला पायात सरकवल्या आणि पाण्याच्या दिशेने चालू लागले. निशिकांत उठायला लागला, तसं नीलिमाने त्याच्या हातावर हात ठेवला. क्षिप्रा मागे गेली.

ते वाळू संपते तिथे उभे होते. ती जवळ आली तरी त्यांनी मान वळवली नाही.

"सोळा दिवस," ते म्हणाले. "सोळा दिवस ती त्या थंडीत..." मग तिच्याकडे वळून, "तुला माहीत आहे का, तिला दुसरीकडे नोकरी मिळत होती. कॅन्ससला. पिठाची मोठी कंपनी आहे कुठलीशी. तिला तिथेच जायचं होतं. मीच म्हटलं, सरकारी घे. खासगीत आज आहे, उद्या नाही. सरकारी म्हणजे कायमची. महिनाभर रोज फोन करून तेच सांगत होतो."

क्षिप्राला हे अजिबात माहीत नव्हतं. घरात कोणालाच नव्हतं.

"तुम्हाला कुठे माहीत होतं काका असं होईल," ती म्हणाली.

"मला माहीत असायला हवं होतं. माझा तोच तर विषय." त्यांनी खिशातून फोन काढला. "लाव तिला."

तिकडे शनिवारी रात्रीचे नऊ वाजत आले असावेत. अनघा घरात होती, केस मोकळे, अंगात जुना स्वेटर. आधी तिला बाबा दिसले, मग त्यांच्या मागे क्षिप्रा. तिला लगेच कळलं.

"क्षिप्रा, तू सांगितलंस," ती म्हणाली.

"तिला काही बोलू नकोस," काका म्हणाले. त्यांचा आवाज अगदी कोरडा झाला होता. "पत्र आहे का तुझ्याकडे?"

"बाबा, मी तुम्हाला सांगणारच होते..."

"पत्र वाच."

अनघाने लॅपटॉप ओढला आणि वाचलं. एक-दोन परिच्छेदच होते. तुमची कामगिरी पाहता तुम्हाला सेवेत ठेवणं लोकहिताचं आहे असं दिसून येत नाही, सबब तुम्हाला आजपासून कमी करण्यात येत आहे, अशा अर्थाचं काहीतरी.

"कामगिरी?" काका म्हणाले. "डिसेंबरचा तुझा गोपनीय अहवाल काय होता?"

"उत्कृष्ट."

"मग कामगिरी कुठली? खुलासा मागवला होता?"

"नाही."

"कारणे दाखवा नोटीस?"

"नाही बाबा."

"जावक क्रमांक काय आहे पत्रावर?"

"जावक क्रमांक नाहीये."

काकांनी फोन डोळ्यांजवळ नेला, जणू क्रमांक पडद्यावर कुठेतरी सापडेल. "जावक क्रमांक नाही? मग सही कोणाची आहे?"

"सही नाही. शेवटी नुसतं कार्यालयाचं नाव आहे. आणि बाबा, सुरुवातीला माझं नावही नाहीये. 'प्रिय कर्मचारी' असं आहे."

क्षिप्राने काकांना रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. आता ते रागावले होते. मुलीची नोकरी गेली यापेक्षाही ती अशा पत्राने गेली, याचा त्यांना जबर धक्का बसला होता.

"आमच्याकडे एक शिपाई होता," ते म्हणाले. "रोज दारू पिऊन यायचा. साहेबांच्या टेबलावर झोपायचा. त्याला काढायला आम्हाला अडीच वर्षं लागली. अडीच वर्षं, अनघा. तीन नोटिसा, दोन चौकशा, आणि प्रत्येक कागदावर जावक क्रमांक. मी स्वतः घातलेत. त्या माणसाच्या पत्रावर त्याचं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट. आणि माझ्या डॉक्टरेट झालेल्या मुलीला 'प्रिय कर्मचारी'?"

अनघा हसायला लागली. हसता हसता तिने तोंडावर हात घेतला, आणि मग ती रडत होती, हे दोघांनाही कळलं. काका फोन धरून उभे राहिले. सायकलवाले मागून जात होते, एक लहान मूल पतंग घेऊन पळत होतं.

"बाबा, सॉरी," ती शेवटी म्हणाली.

"तू कशाला सॉरी? मी तुला कॅन्ससला जाऊ दिलं नाही." त्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. "आता डोळे पूस आणि लिहून घे. आपण अर्ज करायचा."

त्या आठवड्यात पुंगोलच्या जेवणाच्या टेबलावर तो अर्ज तयार झाला. काका मराठीत सांगायचे, क्षिप्रा इंग्रजीत उतरवायची, अनघा तिकडून त्यातलं निम्मं काढून टाकायची. 'सदर पत्रात कामगिरीबाबत जो उल्लेख आहे तो कोणत्या अहवालाच्या आधारे केला आहे, ते कळवावे,' हे वाक्य मात्र तिने जसंच्या तसं ठेवलं. त्या दिवसांत अनघा क्षिप्राशी कामापुरतंच बोलत होती. 'तिसरा परिच्छेद मोठा झालाय.' 'तारीख तपास.' बाकी काही नाही. क्षिप्राने दोनदा मोठा माफीचा मेसेज लिहिला. दोन्ही वेळा वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

अर्जाचं उत्तर कधीच आलं नाही. पण तिकडे कोर्टात खटले चालू होते, आणि मार्चच्या मध्यावर अनघाला मेल आली: तुम्हाला सेवेत परत घेण्यात येत आहे, पूर्ण पगार मिळेल, मात्र पुढील सूचना मिळेपर्यंत कार्यालयात येऊ नये.

काकांनी ती क्षिप्राकडून दोनदा वाचून घेतली. "कामावर घेतलंय, पण कामावर यायचं नाही," ते म्हणाले. "काम न करणाऱ्यांना काढायचं म्हणून हे सगळं सुरू झालं होतं ना?"

"हो."

"आणि आता काम करणाऱ्यांना घरी बसवून पगार देतायत."

"हो काका."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांना अशा कागदासाठी शब्द लागलेला नव्हता, आणि आताही सापडेना.

एप्रिलमध्ये कोर्टाचं पारडं फिरलं आणि अनघाला पुन्हा काढलं. तोवर काका पुण्याला परतले होते. या वेळी तिने त्याच दिवशी त्यांना फोन केला. काका म्हणाले, "कॅन्ससवाल्यांना विचार, ती जागा अजून आहे का." ती जागा भरली होती, पण मे महिन्यात दुसरी निघाली, आधीपेक्षा खालची. अनघाने ती घेतली आणि दोन दिवस गाडी चालवत एकटीच तिकडे गेली.

जूनमधल्या एका रविवारी सकाळी क्षिप्रा दात घासत असताना तिचा फोन वाजला. अनघाताई. तीन महिन्यांनी.

"मी अजून रागावलेली आहे," अनघा म्हणाली. "आधीच सांगून ठेवते."

"ओके," क्षिप्रा म्हणाली. तोंडात फेस होता. तो थुंकून ती पुढे म्हणाली, "ताई, त्या बातमीपत्राबद्दल..."

"त्याचं मला काही नाही वाटलं. मी ते दोनदा ऐकलं होतं, त्या आठवड्यात तेवढीच हसले. तू शपथ मोडलीस त्याचं वाटलं. मला बाबांना माझ्या तोंडाने सांगायचं होतं."

"ते सगळ्यांसमोर बोलत होते गं. मला ऐकवेना."

"माहीत आहे. बाबांनी सांगितलं." अनघा खिडकीशी गेली. "त्यांनी तुझी बाजू घेतली, म्हणून आणखी राग आला."

क्षिप्रा आंघोळीच्या टबाच्या कडेवर बसली. तिने काहीच सफाई दिली नाही. "सॉरी," एवढंच म्हणाली.

"हं." मग अनघाने कॅमेरा फिरवला. रिकामी, पांढऱ्या भिंतींची खोली होती. मोठ्या खिडकीबाहेर संध्याकाळचं पिवळं ऊन आणि क्षितिजापर्यंत कापणीला आलेला गहू. "हे घर. इथे ऊन नऊ वाजेपर्यंत जात नाही. पडदे घ्यायचेत आणि मला दोन रंगांतला एक ठरवता येत नाहीये. दाखवू?"

"दाखव," क्षिप्रा म्हणाली, आणि टॉवेल खांद्यावर टाकून गॅलरीत जाऊन बसली.